आधी पोट, मग पराक्रम: एक्सपान्सच्या दुनियेत आपलं पात्र कसं उभं करायचं

दुसऱ्यानं बनवलेल्या सायन्स फिक्शनच्या दुनियेत आपलं स्वतःचं पात्र घालायचं म्हणलं की बहुतेक जण सुरुवात करतात ती डोळ्यांच्या रंगापासून, मग हत्यार कोणतं, मग पॉवर कोणती, मग आईबाप लहानपणीच कुणीतरी मारले, आणि शेवटी एखादं भारी नाव. एवढं सगळं करून पण ते पात्र उठून चालत नाही, कारण ते सकाळी कुठल्या कामाला जातंय, त्याला पैसे कोण देतंय, खोलीचं भाडं थकलंय का, हे कुणी ठरवलेलंच नसतंय. माझं सांगणं असंय की उलट्या बाजूनं सुरुवात करा. आधी त्याचं पोट कशावर चालतं ते ठरवा, मग कुणाचं देणं अंगावर आहे ते ठरवा, आणि पराक्रमाचं लई शेवटी बघा, गरज पडली तर.

हे सगळं मी एकच दुनिया धरून सांगणार आहे, ती म्हणजे द एक्सपान्स, इंग्रजी कादंबऱ्या आणि त्यांच्यावरची टीव्ही मालिका, ज्यात काही शतकांनंतर माणसं मंगळावर आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात, म्हणजे बेल्टमधे, वसलेली आहेत. जेम्स एस. ए. कोरी ह्या टोपणनावामागं डॅनियल एब्रहम आणि टाय फ्रँक असे दोघं जण आहेत, पहिली कादंबरी २०११ ला आली, नववी आणि शेवटची २०२१ ला, आणि मालिका २०१५ पासून २०२२ पर्यंत सहा सीझन चालली. म्हणजे मुख्य गोष्ट संपलेली आहे, आणि नव्यानं लिहिणाऱ्याला ही लई मोठी सोय आहे, कारण चालू असलेल्या मालिकेत आपण मेहनतीनं पात्र उभं करावं आणि पुढच्या सीझनमधे त्यांनी आपल्या पायाखालची जमीनच काढून घ्यावी, असं इथं शक्यतो होत नाही. एक मात्र आधीच ठरवून टाका, कादंबऱ्या धरायच्या का मालिका, कारण दोन्हीत फरक आहेत. कामिना ड्रमर हे पात्र मालिकेत जेवढं मोठं झालंय तेवढं कादंबऱ्यांत नाही, आणि बेल्टर, म्हणजे बेल्टमधे जन्मलेल्या लोकांचं उंच, काडीसारखं अंग कादंबरीत जागोजाग येतंय, मालिकेत मात्र खरे नट असल्यामुळं ते क्वचित दिसतंय. दोन्हीची खिचडी केली की वाचणारा जाणकार पहिल्याच पानावर अडकतो.

ही दुनिया घ्यायचं दुसरं कारण पाणी. गोष्टीतला सेरेस हा बटुग्रह खरा आहे, मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात, १८०१ साली सापडलेला, साधारण ९४० किलोमीटर व्यासाचा. गोष्टीत माणसांनी तो आतून कोरलाय, गरागरा फिरवलाय म्हणजे आत राहणाऱ्यांना थोडी ग्रॅव्हिटी मिळावी, आणि त्याच्यावरचा बर्फ पृथ्वी आणि मंगळवाल्यांनी कधीच खरवडून नेलाय. आता तिथल्या लोकांना प्यायला पाणी पाहिजे तर मोठमोठी जहाजं शनीच्या कड्यांपर्यंत जातात आणि तिथून बर्फ ओढून आणतात. हे वाचताना मराठवाड्यातल्या माणसाला काही समजून सांगावं लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमधे मिरजहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि सगळं मिळून पाच लाख लिटर, आणि त्याच्या आधीच शहरात पाण्याच्या जागांवर जमावबंदी लावावी लागली होती. ज्यानं रात्री दोनला टँकरसाठी नंबर लावलाय त्याला सेरेसवरचा माणूस बर्फाच्या जहाजाची वाट कशी बघत असंल हे कल्पनेनं काढावं लागत नाही, ते त्याला ठाऊकच असतंय. आपल्याकडं हा माल आहे, तो वापरायचा.

आता कामाला लागू. पहिलं काम लिहायचं नाहीच, बघायचं आहे. पहिला सीझन परत लावा, पण ह्या वेळी होल्डन, नेओमी, मिलर ह्या मुख्य पात्रांकडं बघूच नका, मागं जे लोक उभे आहेत त्यांच्याकडं बघा. कोण काय विकतंय, कोण काय उचलतंय, भिंतीवर काय लिहिलंय. हाताशी वही ठेवा आणि जिथं जिथं पैसा, पाणी, हवा, जेवण किंवा काम ह्यातलं काही बोलण्यात येईल तिथं तेवढंच टिपून घ्या. निस्तं विकी वाचून लिहायला बसणारे बरेच आहेत, त्यांना जहाजांची नावं आणि युद्धांचा क्रम पाठ असतोय पण बेल्टर माणूस जेवतो काय हे सांगता येत नाही, आणि पात्र तर जेवणारं पाहिजे. बुरशी आणि यीस्टपासून बनवलेलं अन्न, रेड किबल नावाचं त्यांचं खाणं, कामावर सतत हवेच्या फिल्टरची काळजी, हे असलं तुमच्या वहीत आलं पाहिजे.

वही भरली की दुसरं काम, जागा आवळायची. सगळी सूर्यमाला घेऊ नका. एक स्टेशन घ्या, त्यातला एक भाग घ्या, आणि काळ पण एवढाच घ्या, चार-सहा महिन्यांचा. मी सेरेस घेतो आणि गोष्ट सुरू व्हायच्या थोडं आधीपासून पहिल्या काही भागांपर्यंतचा काळ घेतो.

मग पोट. स्वतःला विचारा, ह्या दुनियेत टंचाई कशाची आहे, आणि त्या टंचाईवर कोण कोण जगतंय. बर्फ आणणारे आहेत, ते गोष्टीत आलेले आहेत. पण तो बर्फ मोजतो कोण? वाटप कोण करतंय, चोरी कोण करतंय, पाइप फुटला की दुरुस्तीला कोण जातंय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या जहाजांवर माणसं भरती कोण करतंय? मूळ लेखकांनी एखाद्या कामाकडं बोट दाखवलंय पण ते काम करणारा माणूस दाखवला नाही, अशी जागा सापडली की तिथं थांबा. ती तुमची जागा.

मला भरतीची जागा सापडली, कारण बीड जिल्ह्यात ज्याचं कुणी ऊसतोडीला गेलंय त्याला हा व्यवहार तोंडपाठ आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हंगामाच्या आधी मुकादम टोळी जमवतो आणि प्रत्येक जोडप्याला, त्याला एक कोयता म्हणायचं, आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. मुकादमानं ती कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून स्वतःच्या सहीवर उचललेली असते. दसरा-दिवाळीच्या पुढं टोळी निघते, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचं, पहाटे उसाच्या फडात उतरायचं, टनावर हिशोब, कामावर नाही आलं की खाडा, खाड्याचे पैसे कापायचे, आणि हंगाम संपला तरी उचल फिटली नाही तर बाकी अंगावर घेऊनच गावाकडं यायचं आणि पुढच्या वर्षी परत जायचं. ह्यात मुकादम हा माणूस लई गुंतलेला असतोय. कामगाराच्या लेखी तो मालक, आणि वरच्याच्या लेखी तो पण कर्जदारच. एखादी जोडी रात्रीतून पळाली तर ती रक्कम त्याच्या अंगावर येते.

हा सापळा उचलायचा आणि सेरेसवर न्यायचा. पण इथं सावध राहा, कारण इथंच बरीच जण चुकतात. सापळा न्यायचा म्हणजे व्यवहार न्यायचा, सामान न्यायचं नाही. कोयता, भाकरी, मुंडासं उचलून शनीच्या कड्यांत नेऊन ठेवलं की ते नाटकातलं सोंग होतं. व्यवहार नेला की लगेच त्या दुनियेचे नियम त्याला वाकवायला लागतात, आणि खरी मजा तिथं आहे. फडातून माणूस रात्री पळून जाऊ शकतो, जहाजातून कुठं पळणार? मग तिथं मुकादमाला पळून जायची भीती नाही, त्याला भीती आहे माणूस मरायची, कारण मेलेल्याची उचल कोण फेडणार. गावाकडं श्वास घ्यायला पैसे लागत नाहीत, बेल्टमधे हवेचा पण हिशोब आहे, म्हणजे घरी बसलेल्या बायकापोरांचा रोजचा खर्च चालूच राहणार आणि उचल लवकर संपणार. बघा, एक एक नियम लावत गेलं की गोष्ट आपोआप पुढं सरकायला लागते, आणि हे कुठंही मूळ गोष्टीच्या विरोधात जात नाही. त्यांनी असा व्यवहार दाखवलेला नाही, पण नाही असंही कुठं म्हणलेलं नाही.

तर माझं पात्र, सरू मेंडोझा. वय शेहेचाळीस, सेरेसवर बर्फाच्या जहाजांसाठी माणसं भरणारी. तरुणपणी स्वतः जहाजावर होती, आता टेबल टाकून बसते.

नावाचं थोडक्यात सांगतो. बेल्टमधे पृथ्वीवरच्या सगळ्या देशांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिसळलेली आहेत म्हणून नाव-आडनाव वेगवेगळ्या मुलखातलं चालतं, उलट तसंच शोभतं. मूळ गोष्टीत मंगळावरचा ॲलेक्स कमाल आहे, घराणं आपल्या बाजूचं आणि बोलणं टेक्सासच्या धाटणीचं, कारण तिथल्या मरिनर व्हॅलीत भारतीय, चिनी आणि टेक्सासची माणसं एकत्र वसली. तेव्हा मराठी नाव ठेवायला अजिबात लाजू नका, पण नावाचं कारण सांगत बसू नका, ते असंच असू द्या.

आता अंग. सायन्स फिक्शनमधे शरीर हे दुनियेच्या नियमातून येतं, आवडीतून येत नाही, आणि बहुतेक ओसी, म्हणजे चाहत्यांनी स्वतः बनवलेली पात्रं, इथंच उघडी पडतात. सेरेसची स्वतःची ओढ पृथ्वीच्या तीन टक्क्यांच्या आसपास आहे, फिरवल्यामुळं ती साधारण एक तृतीयांशापर्यंत गेलीय, आणि ही फिरवून मिळवलेली ग्रॅव्हिटी आसाकडं जाल तशी कमी होत जाते. आतल्या मजल्यांवर कोरिओलिसचा परिणाम पण जास्त जाणवतो, ओतलेलं पाणी सरळ न पडता बाजूला झुकून पडतं, मालिकेत मिलर दारू ओततो तो शॉट आठवा. आता ह्यातून सरूचं अंग काढू. ती सेरेसवर जन्मलेली नाही, एका बारक्या स्टेशनवर जन्मलीय जिथं ग्रॅव्हिटी नावालाच होती, म्हणून तिला सेरेसची एक तृतीयांश पण जड जाते, गुडघे दुखतात. म्हणून ती टेबल टाकते आतल्या मजल्यावर, जिथं अंग हलकं वाटतं. आणि म्हणून ज्याला काम पाहिजे त्याला गोदीवरून आत तिच्यापर्यंत चालत यावं लागतं. एका गुडघ्याच्या दुखण्यातून तिचा पत्ता ठरला आणि लोकांशी तिचं वरचढ नातं पण ठरलं. डोळ्यांचा रंग मी अजून ठरवलेला नाही, आणि काही अडलेलं नाही.

हातवारे विसरू नका. बेल्टर लोक मान हलवत नाहीत तेवढं हात हलवतात, कारण स्पेससूट घातल्यावर मान कुणाला दिसत नाही, तर होकार पण मुठीनं देतात. सरू आता सूट घालत नाही तरी हात तसेच चालतात, ही सवय आहे.

अंतराचं पण तसंच. सरूचा पोरगा शनीकडं गेलेल्या जहाजावर आहे असं मी ठरवलं. शनी आणि सेरेस आपापल्या कक्षेत कुठं आहेत त्याप्रमाणं प्रकाशाला एका बाजूनं जायला पाऊण-एक तासापासून पावणेदोन तासापर्यंत लागतात, आणि रेडिओचा संदेश पण तेवढाच वेळ घेणार. म्हणजे आई आणि पोरगा कधीच समोरासमोर फोनवर बोलल्यासारखं बोलू शकत नाहीत, एकानं बोलून पाठवायचं आणि दुसऱ्याचं उत्तर दोन ते साडेतीन तासांनी यायचं. भांडण असं करायचं म्हणजे कसं होईल विचार करा. एकाचा राग शांत झाल्यावर दुसऱ्याचं रागाचं उत्तर येऊन पडणार. हे गणित दहा मिनिटांचं आहे पण त्यानं तुम्हाला एक आख्खा प्रसंग मिळतो, जो पृथ्वीवरच्या गोष्टीत लिहिताच येत नाही. असे प्रसंग शोधा, त्यांच्यासाठीच तर दुसऱ्याच्या दुनियेत यायचं.

भाषेवर मला जरा जास्त बोलायचंय. बेल्टर भाषा मालिकेसाठी निक फार्मर ह्या भाषातज्ज्ञानं नीट व्याकरणासकट बांधलेली आहे, अनेक भाषा मिसळून झालेली. तिचे शब्द वापरायचे तर बेल्टालोडा (आम्ही बेल्टर), इन्यालोडा (पृथ्वी-मंगळवाले), बेराटना (भाऊ), बोसमांग (बॉस), सासा के (कळलं का) असे थोडे आणि अर्थाची खात्री असलेलेच वापरा, एका प्रसंगात दोन-तीन लई झाले. बाकीचं बोलणं मराठीत करायचंय, तर कोणत्या मराठीत? मला विचाराल तर बेल्टरांना आपल्याकडची बोली द्या, काहून, करायलास, नक्को, हौ, सगळं येऊ द्या. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, दखनी, तेलुगू, कन्नड ह्या सगळ्यांचं पाणी आपल्या बोलीत मुरलेलं आहे, बाजारात एका वाक्यात दोन भाषा बोलणं इथं कुणाला नवीन नाही. आणि पृथ्वीवर राज्य करणाऱ्या युनायटेड नेशन्सच्या साहेबांना पुस्तकी प्रमाण मराठी द्या, मंगळाच्या फौजींना तुटक, कोरडी. पण एक कळकळीची विनंती आहे, बोली हसवण्यासाठी वापरू नका. आपल्याकडं नाटक-सिनेमात खेड्यातलं बोलणारा म्हणजे विनोदी गडी ही वाईट खोड फार जुनी आहे आणि ती ह्या दुनियेत आणली तर सगळंच वाया, कारण बेल्टरांची सगळी लढाईच ही आहे की आम्हाला कमी समजू नका. सरू कंपनीच्या साहेबाशी बोलताना प्रमाण बोलते आणि टेबलापुढं आलेल्या पोराशी बोली बोलते. ती कुणासमोर कशी बोलते हे ठरवलं की तिच्या स्वभावाचं अर्धं काम होतं.

पॉवरचं थोडक्यात. १९७३ साली पॉला स्मिथ यांनी स्टार ट्रेकच्या एका फॅनझीनमधे, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या मासिकात, छोटीशी कथा लिहिली होती, तिच्यात मेरी स्यू नावाची साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट, आख्ख्या फ्लीटमधली सगळ्यात लहान, सगळं तिलाच येतंय आणि सगळे तिच्यावर फिदा. त्या काळच्या फॅनकथांत अशा पोरी ढिगानं यायच्या, त्यांच्यावर ती टीका होती, आणि तेव्हापासून असल्या पात्राला तेच नाव पडलं. नंतर झालं असं की पोरींनी लिहिलेलं कुठलंही हुशार बाईचं पात्र दिसलं की लोक उठून हाच शिक्का मारतात, ते मला पटत नाही. पात्र हुशार असू द्या, ताकदवान असू द्या, फक्त त्या हुशारीची किंमत ते कुठं मोजतंय हे दाखवा. सरूला माणूस बघितल्या बघितल्या कळतं की हा जहाजावर टिकंल का नाही. हा तिचा गुण. किंमत ही की ज्याला ती नाही म्हणते त्याच्या घरी त्या महिन्यात हवेचे पैसे नसतात, आणि ती रोज त्याच गल्लीतून घरी जाते.

आता सगळ्यात अवघड भाग, मूळ गोष्टीला हात कसा लावायचा. नवीन लिहिणाऱ्याला वाटतं आपल्या पात्रानं होल्डनला वाचवलं पाहिजे, मिलरला सल्ला दिला पाहिजे. नका करू. मूळ घटनेनं तुमच्या पात्राचं आयुष्य बदलू द्या, तुमच्या पात्रानं मूळ घटना बदलू नये. पहिल्याच भागात कँटरबरी नावाचं बर्फाचं जहाज उडवलं जातं, शटलमधे बाहेर असलेले पाच जण सोडले तर सगळे मरतात, त्या पाचातल्या होल्डनचा संदेश सगळीकडं पसरतो आणि सेरेसवर दंगल पेटते. जहाज सेरेसकडंच येत होतं. आता कँटरबरीवरची काही माणसं सरूनं भरलेली होती असं ठरवलं तर? कुठलाही नियम मोडत नाही, मेलेल्या बहुतेकांची नावं मूळ गोष्टीत नाहीतच. एक तुकडा लिहून दाखवतो.

*

टेबलापुढं रांग नव्हती, घोळका होता. सरूनं दोन्ही हात वर करून थांबायची खूण केली, कुणी थांबलं नाही.

"बोसमांग, नावं वाच."

"कुणाची?"

"तुझ्या वहीतली. कँटवर कोण कोण होतं ते वाच."

तिनं यादी काढली. सहा नावं. चौथ्या नावाला मागून एक बाई खाली बसली, बाकीचे तिच्याभोवती सरकले, आणि सरू पाचवं नाव वाचायचं का थांबायचं ह्या विचारात असतानाच एक पोरगी पुढं आली, दहा-अकराची असंल, बापाच्या जुन्या सुटाचं जाकीट घातलेलं.

"आमच्या उचलीचं काय?"

"काय?"

"बानं उचल घेतलेली. तीन खेपा बाकी होत्या. आता कोण फेडायचं?"

घोळका गप झाला. सरूला माहीत होतं कागदावर खाली कुणाचा अंगठा आहे. सहा उचली, सगळ्या तिच्या नावावर. तिनं मनातल्या मनात बेरीज केली, आणि पोरीच्या तोंडाकडं न बघता म्हणाली, "मी कंपनीला विचारते."

"कंपनी हितंच हाय की, वरच्या मजल्यावर. तू सांग."

*

बघा, ह्यात स्फोट नाही, बंदूक नाही, होल्डनचं नाव पण नाही. तरी हा प्रसंग एक्सपान्सच्या बाहेर घडूच शकत नाही, आणि सरू कोण आहे हे पण कळलं, बेरीज आधी करणारी आणि मग तोंडाकडं न बघणारी. पुढं ती पोरीची बाकी फाडून टाकंल का कंपनीला चिकटून राहील, हे मला लिहिताना कळंल. तुमचं पात्र असं एका निर्णयापाशी आणून उभं करा, ज्यात दोन्हीकडून काहीतरी जाणार आहे. आणि चरित्र सांगत बसू नका, ती कुठं जन्मली, जहाजावर किती वर्षं होती, हे ह्या तुकड्यात कुठंच नाही, तुमच्या वहीत असलं की बास.

एक चाचणी मी नेहमी लावायला सांगतो. तुमचं पात्र उचला आणि दुसऱ्या दुनियेत ठेवा, समजा स्टार वॉर्समधल्या टॅटुइनच्या वाळवंटात. तिथं पण पाणी दुर्मीळ आहे, शेतकरी हवेतून ओल काढतात. सरू तिथं जशीच्या तशी चालली असती का? गुडघे दुखले नसते, हातवारे निरर्थक झाले असते, पोराशी बोलणं लांबलं नसतं, उचल बुडवून माणूस वाळवंटात पळाला असता. म्हणजे ती इथलीच आहे. काहीही न बदलता तुमचं पात्र तिकडं फिट बसलं तर समजा अजून अंगाचं आणि व्यवहाराचं काम बाकी आहे.

ज्यांना बेल्ट नको, पृथ्वीवरचंच पात्र पाहिजे, त्यांच्यासाठी पण भरपूर जागा आहे. एक्सपान्सच्या पृथ्वीवर लई लोकांना कामच नाही, सरकार बेसिक नावाची मदत देतं आणि त्याच्यावर जगायचं, शिक्षण आणि नोकरीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो इंडिया उभी राहतेय, गुरुत्वीय लहरी पकडायची वेधशाळा, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २०२३ च्या एप्रिलमधे केंद्र सरकारनं तिच्यासाठी २६०० कोटी मंजूर केले. काही शतकांनंतर ती जागा काय झाली असंल? बेसिकवर जगणारी एक पोरगी त्या पडक्या बोगद्याची राखण करते आणि नोकरीच्या यादीत तिचा नंबर येत नाही. हे कुणीतरी लिहा, मला वाचायचंय.

लिहून झालं की टाकताना वर स्पष्ट लिहा की दुनिया जेम्स कोरी यांची आहे, आपलं फक्त पात्र आहे, आणि त्याचे पैसे घेऊ नका, छापून विकू नका, हक्क त्यांचेच आहेत. कँटरबरीचा प्रसंग घेतला असंल तर स्पॉयलर आहे हे पण सांगा, अजून न बघितलेले लई जण आहेत.

आणि टाकायच्या आधी दोघांना वाचायला द्या, एक मालिका कोळून प्यालेला आणि एक जिनं ती कधी बघितलीच नाही अशी, घरातलीच कुणी चालंल. पहिल्याला विचारा कुठं नियम मोडला. दुसरीला "आवडलं का" विचारू नका, ती हौ म्हणूनच सांगंल. तिला विचारा की सरूसमोर हजार रुपये ठेवले तर ती आधी कुणाचे फेडंल. तिनं पटकन उत्तर दिलं, चुकीचं का असंना, तर टाका ऑनलाइन. ती विचारात पडली आणि "कोण सरू?" म्हणाली तर देण्याघेण्याचं पान परत लिहायला घ्या.